दोन दातांमधली फट

४ फेब्रुवारी

शिट्टीस,

फोन आईच्या हातात असतो, तो मोठ्या आवाजावर लावावा लागतो, आणि आपलं भांडण तिच्या उशापाशी नको. मेसेज केला तर तू अंगठा दाखवून मोकळी होतेस. म्हणून पत्र.

रविवारी फोन केलास तेव्हा तोंडात काय होतं? गोळी चघळत होतीस की भर दुपारी चढवली होतीस? "आई, कशी आहेस," एवढं म्हणालीस आणि आईने फोन माझ्या हातात कोंबला. म्हणाली, "कोण बाई आहे बघ, काहीतरी विकायला बसलीय." मग तू नुसती "आई, मी! अगं मी!" करत ओरडत राहिलीस आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिला आता डोळ्यांनी खिडकी कुठे आहे तेवढंच कळतं. माणसं ती आवाजावरून ओळखते. ओळख पटली नाही की घाबरते, घाबरली की झोपत नाही, आणि ती झोपली नाही की मी झोपत नाही. दुसऱ्या दिवशी मला दोन पडदे आणि एक कोट शिवून द्यायचा होता. मशीनवर पेंगले आणि सुई बोटातून जाता जाता राहिली.

हे तुझ्या मनाला लागावं म्हणून लिहिलेलं नाही. ती आशा मी कधीच सोडली. काय आहे ते सरळ सांग.

ताई


१३ फेब्रुवारी

ताईस,

गोळी नव्हती आणि चढवलीही नव्हती. मी दात सरळ करून घेते आहे. नखासारखं पातळ, पारदर्शक प्लास्टिकचं कवच असतं, वरच्या दातांना एक, खालच्यांना एक. अलायनर म्हणतात त्याला. दिवसरात्र घालायचं, खाताना आणि दात घासताना तेवढं काढायचं. थोड्या थोड्या दिवसांनी नवा जोड. नवा घातला की दात असे ठणकतात की पाव चावतानाही डोळ्यांत पाणी येतं. चहा प्यायचा तर काढा, प्या, चूळ भरा, घासा, परत घाला. मी दुकानात चहाच सोडला. सुरुवातीला जीभ अडखळते, म्हणून तशी बोलले. सवय होईल.

"या वयात कशाला" हे तू पुढच्या पत्रात विचारणारच, तर उत्तर आधीच घे. चष्म्याच्या दुकानात मी काय करते ते तू कधी येऊन बघितलं नाहीस. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याने आरशात बघायचं सोडून माझ्या समोरच्या दातांमधल्या फटीत बघितलं आणि म्हणाला, "बाई, वारा लागतोय." दुकान हसलं. मीही हसले, तोंडावर हात धरून. हात धरून हसायची सवय मला कोणी लावली? पाहुणे आले की आई मला मधे उभं करायची आणि म्हणायला लावायची, "सुसरीबाई, तुझी पाठ मऊ." प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची. लोक हसून लोळायचे आणि आई म्हणायची, "हिच्या फटीतून दोरा ओवून घ्या." माझं नाव काय आहे ते निम्म्या नातेवाइकांना माहीतच नाही.

आणि एक विचारते. आई मला ओळखत नव्हती तेव्हा ती मी आहे हे तू तिला सांगितलंस, की मजा बघत बसलीस?

धाकटी (हे नाव मला चालेल)


२१ फेब्रुवारी

धाकटीबाईंस,

"या वयात कशाला" हे मी विचारणार नव्हते, पण तू एवढं वाटेत आणून ठेवलंस तर उचलते. या वयात कशाला? पन्नाशीला टेकलीस. घोडं म्हातारं झालं आणि आता लगाम बदलायला निघालीस.

सांगितलं का म्हणे! घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. "आई, शिट्टी आहे गं." ती म्हणाली, "माझ्या शिट्टीचा आवाज मला कळत नाही होय? मला फसवू नका." आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. चिमटा मला, प्रेम तुला, ही वाटणी जुनीच आहे.

तुझा आणि माझा आवाज एकच, हे तुला माहीत आहे. तुझा नवरा लग्नाआधी एकदा फोनवर माझ्याशीच पाच मिनिटं लाडात बोलला होता, आठवतं? 'स' आला की लोकांना कळायचं कोण ते. तेवढी एकच खूण होती आणि तीच तू प्लास्टिकने बुजवलीस. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची?

रविवारी ते काढून बोल. दिवसाला इतक्यांदा काढतेस घालतेस, आईसाठी एकदा जास्त.

ताई


१७ मार्च

ताईस,

चार रविवार काढून बोलले. आईने ओळखलं. पहिल्या रविवारी तर "शिट्टे" म्हणून रडली, आणि ज्या नावाची मला चीड येते ते ऐकून मीही रडले. ते तू ऐकलंच असशील, फोन मोठ्या आवाजावर असतो ना.

आता त्याचा परिणाम ऐक. रविवारी आमचं दुकान उघडं असतं. मागच्या खोलीत जाऊन मी अलायनर काढते आणि फोन लावते. गेल्या रविवारी त्यांची डबी घरी राहिली होती. कागदात गुंडाळू नका असं बजावलेलं असतं, लोक कचऱ्यात टाकतात. म्हणून मी शहाणपणाने चष्म्याच्या रिकाम्या केसमध्ये ठेवले. दुकानात सगळ्या केस काळ्या, एकसारख्या. आईशी बोलून डोळे पुसत बाहेर आले, एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या नाकावर त्यांचा नवा चष्मा बसवला आणि हातात केस दिली. तीच.

मंगळवारी ते आले. दुकान भरलेलं होतं. काउंटरवर केस उघडून ठेवली आणि म्हणाले, "मी चष्मा सांगितला होता, कवळी नाही." मालक हसला असता तरी चाललं असतं. तो हसला नाही. मी आता काउंटरवर नाही, मागे काचा पुसायला असते.

परक्या माणसाच्या खिशात राहिलेले म्हणून मला किळस आली आणि मी ते कढत पाण्याने धुतले. कढत पाणी चालत नाही हे पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं. ते मुडपले. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन जोड मागे जा. सोसलेली सगळी ठणक पुन्हा सोसायची. हे सगळं तुझ्या एका रविवारापायी.

धाकटी


२५ मार्च

धाकटीस,

मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांग. फार दिवसांनी हसले.

माझ्या रविवारापायी म्हणतेस? माझ्याकडे सोमवारही असतो, मंगळवारही असतो. डबी घरी तू विसरलीस, कढत पाणी तू ओतलंस, आणि अंगण माझं वाकडं.

आता मुद्द्याचं. परवा तू बोललीस तेव्हा आई कान देऊन ऐकत होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "शिट्टीला सर्दी झालीय का? वाजत नाही नीट." तू ते काढून बोललीस तरी आता फरक पडतोय. फट भरत चाललीय ना? अजून थोड्या दिवसांनी काढलंस काय आणि घातलंस काय, सारखंच.

म्हणून सरळ सांगते, थांबव. आई आहे तोवर थांबव. नंतर दात सरळ कर, सोन्याचे कर, हवे तर हत्तीचे लावून घे.

ताई


९ एप्रिल

ताईस,

थांबवणार नाही.

आई आहे तोवर, आई आहे तोवर. हे ऐकत मी म्हातारी होईन आणि तेव्हाही तोंडावर हात असेल. आईने मला ओळखावं म्हणून मी जन्मभर तिचं खेळणं राहायचं? तिने मला दुसऱ्या कशावरून का ओळखू नये? मी तिला काय सांगते, काय विचारते, यावरून? दर रविवारी मी तिच्या गुडघ्याची चौकशी करते. विकायला आलेली बाई गुडघ्याची चौकशी करत नाही.

मला तर वाटतं तुला हे हवंच आहे. मी तिला ओळखू येईनाशी झाले की तिथे तू एकटीच उरतेस. घर तुझ्याकडे, आई तुझ्याकडे, आता तिच्या डोक्यातली माझी जागाही तुला हवी.

मे महिन्यात रजा मिळाली की येते. तिच्या शेजारी बसते, तिचा हात हातात घेते, मग बघू ओळखते की नाही.

धाकटी


३ जून

धाकटीस,

मेमध्ये तुला रजा मिळाली नाही असं कळलं, ते बरंच झालं. एवढ्यात येऊ नकोस. घरात रंगकाम काढलंय. रविवारी फोनही करू नकोस, आईला त्रास होतो. ती बरी आहे. जेवते नीट. झोपते. तुझी आठवण काढत नाही, तेव्हा तूही काळजी करू नकोस.

तुझे दात झाले असतील सरळ. छानच.

ताई


१२ जून

ताईस,

तुझं इतकं गोड पत्र मला जन्मात आलं नव्हतं. दोनदा वाचलं आणि घाम फुटला. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मला तुझ्याबद्दल नव्याने शिकायला नको.

रंगकाम? रंगाच्या नुसत्या वासाने तुला शिंका सुटतात. दार रंगवलं तेव्हा शेजारी जाऊन झोपली होतीस.

फोन करू नकोस म्हणालीस म्हणून मी रविवारी केलाच. तू उचललास. मी "हॅलो" म्हणाले आणि तू गप्प. नुसता तुझा श्वास. मागून आईचा आवाज आला, इतका खुशीतला की मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता: "शिट्टे, कोणाचा गं फोन?" आणि तू ठेवून दिलास.

शिट्टी इथे आहे, ताई. मागच्या खोलीत काचा पुसते आहे. मग त्या घरात आई कोणाला हाक मारत होती? तिला काय सांगितलंस? माझ्या नावाने कोणी बाई ठेवलीस का? की तिचं डोकं पुरतं गेलं आणि तू माझ्यापासून लपवते आहेस? आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी येते. रजा मिळो न मिळो.

धाकटी


२० जून

शिट्टीस,

बाई ठेवलेली नाही. मीच.

तू पूर्वी हसायचीस, आठवतं? माझ्या समोरच्या दाताला खाच पडली होती. जन्मभर दोरा दातानेच तोडला. कात्री शेजारी असते पण हात तिच्याकडे जात नाही. मे महिन्यात सोफ्याची खोळ शिवताना नायलॉनचा जाड दोरा तोडायला गेले आणि अर्धा दात दोऱ्याबरोबर मांडीवर पडला. रक्त नाही, काही नाही. मी उठले, आईचा चहा केला आणि तिला विचारलं, "साखर पुरे का?"

तिने कप बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "शिट्टे! कधी आलीस?"

मी सांगितलं, मी मोठी आहे. तिने मला ढकललं. "मोठी कुठली, ती असं बोलते होय?" मग मी गप्प बसले. गप्प बसले आणि तिने माझ्या केसांतून हात फिरवला. मी छप्पन्न वर्षांची आहे आणि माझ्या केसांतून तिने हात फिरवल्याचं मला आठवत नाही. तुझ्या फिरवलेला आठवतो, मी दारात उभी राहून बघितलेला.

मग म्हणाली, "दार लाव, मोठी ऐकेल." मी दार लावलं. काय सांगते ऐक: "मोठी मला आंघोळ घालते ना, भांडं घासल्यासारखी घासते गं. तू मला घेऊन जा." माझ्याच तोंडावर माझं गाऱ्हाणं. मनात आलं, ओरडून सांगावं की तुझी लाडकी तिकडे दात चमकवत बसलीय आणि हे भांडं रोज मीच घासतेय. पण खरं आहे गं. घासतेच मी तिला. घाई असते, राग असतो. दुसऱ्या दिवशी हळू हाताने आंघोळ घातली, शिट्टी होऊन. तिने पाण्यात हात आपटले, लहान मूल आपटतं तसे.

आता ती जेवते, झोपते. मी अर्धा दिवस शिट्टी असते. फक्त गोळ्या द्यायच्या वेळी तोंड मिटून मोठी होते, कारण गोळ्या ती मोठीच्याच हातून घेते. दात बसवून घ्यायचा राहून गेला असं नाही, मी तो मुद्दामच बसवलेला नाही. तुला जे नको झालं होतं ते मी उचललं. चोरी म्हणायची तर म्हण.

यायचं तर ये. पण आलीस तर मोठी म्हणून ये. तुझा 'स' आता सरळ आहे, तुला जमेल.

ताई


१६ जुलै

ताईस,

परत येऊन दहा दिवस झाले. तिथे असताना मी तुझ्याशी धड बोलले नाही आणि तूही नाही, ते ठीकच झालं. तुला माफ केलेलं नाही हे आधी लिहून टाकते. तू पडद्याआड उभी राहून माझ्या शिट्टीने माझ्या आईशी बोलत होतीस आणि मी स्वयंपाकघरात ताट पुसत ते ऐकत होते. तसं ऐकणं शत्रूवरही येऊ नये.

पण एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. शेवटच्या दिवशी तू पडदे पोचवायला गेलीस तेव्हा मी आईला मऊ भात भरवत होते. तोंड जमेल तितकं बंद ठेवून. एकदा म्हणाले, "सावकाश." झालं, आईने ओळखलं. मला नाही, तुला. म्हणाली, "मोठे, दार लाव, शिट्टी ऐकेल."

आईला प्रत्येक गोष्ट दार लावूनच सांगायची असते. मी लावलं.

म्हणाली, "शिट्टी येते, गोड बोलते, केस विंचरते. पण माझी गोळी कुठली हे तिला ठाऊक नाही. तू आहेस म्हणून माझं चाललंय, मोठे. किती दमलीस गं तू. तिला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

ताई, मला वाईट वाटलं. आणि मी ठरवलं, हे तुला सांगायचंच नाही. तू माझे लाड ठेवून घेतलेस, मी तुझं हे ठेवून घेते, फिटलं. दहा दिवस ठेवलं. पण ते माझ्या मापाचं नाही. काचा पुसताना, फोन ठेवताना, सारखं टोचतं. म्हणून पाठवून देते. तुझं आहे, तुझ्याकडे ठेव.

माझे दात झाले. डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला आणि मी तोंडावर हात न धरता हसले, तेही तुला कळू दे. आता फक्त रात्री रिटेनर घालायचा, तोही तसलाच प्लास्टिकचा, आयुष्यभर. तो घातला नाही तर दात परत आपल्या जागी जायला बघतात, फट उघडायला टपलेलीच असते असं त्या म्हणाल्या. तिथून आल्यापासून तो डबीतच आहे. जिभेला फट जराशी लागायला लागली आहे. वाजत नाही अजून.

तेव्हा तू दात बसवून घे. मोठी हो आणि ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐक, माझ्या अक्षरात वाचून त्याला चव नाही. आणि मला माझं नाव परत दे. हो, तेच. मला ते नको होतं आणि आता हवं आहे. यावर हसायचं तर हस.

तोवर रिटेनर घालत नाही. काय ते लवकर कळव.

शिट्टी


२४ जुलै

शिट्टीस,

पत्र दार लावून वाचलं.

उपकार म्हणून नाही, पण तुटक्या दाताला थंड पाणी लागलं की कळ डोक्यात जाते आणि दोरा तोडता येत नाही, कामं अडलीत. दंतवैद्याची वेळ घेतली आहे. त्याला विचारलं, दात बसवल्यावर बोलणं पूर्वीसारखं होईल का. म्हणाला, अगदी पूर्वीसारखं.

बुधवारची वेळ आहे. तोवर मला शिट्टी राहू दे.

ताई